मामाची जुनी बेस गिटार: दुरुस्ती आणि शिकणं, दोन्हीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मामाच्या माळ्यावरून त्याची ऑर्केस्ट्राच्या दिवसांतली चार तारांची बेस गिटार खाली उतरवली. लाकूड ठणठणीत आहे, पण तारांच्या ताणाने मान पुढे वाकलीय. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तार चांगली ५ मिमी उचललेली. दाबून दाबून बोटं सोलवटली. ट्रस रॉडला (मानेच्या आतली, वाक सरळ करणारी सळई) पाव फेरा दिला, पुढे तिचा नट जाम लागतोय. तारा सैल करून पुन्हा बघू की हात लावू नको?

शिवाय व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की स्पीकरमधून पापड मोडल्यासारखी खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनरने भागेल की बटणाखालचा पॉटच (आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलावा? (वायर जोडायचा तुटलेला जॅक मात्र मीच सोल्डर केला, आणि तो चक्क चालतोय!) एका दुकानात दाखवली तर ‘नवीनच घ्या’ म्हणाले. नवीन घ्यायची असती तर माळ्यावर कशाला चढलो असतो?

शिकण्याचं म्हणाल तर थोडा तबला येतो, त्यामुळे लय सुटत नाही. पण ३४ इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) पहिल्या चार फ्रेटना चार बोटं पुरत नाहीत, करंगळी तर रुसूनच बसते. सुरुवात वरच्या, म्हणजे बॉडीकडच्या फ्रेटवरून करू का? ठाण्यात सेटअप (मान, तारांची उंची वगैरे नीट जुळवणं) करून देणारं, शिकवणारं कुणी असेल तर कृपया सांगा.