मदत हवी आहे: रेकॉर्डिंगवरून व्हिसलची पट्टी कशी ओळखायची?

मंडळी, आयरिश टिन व्हिसल (सहा भोकांची छोटी धातूची बासरी) वाजवणाऱ्या मेरी बर्गिन यांच्या पुढच्या अल्बमकडून काय काय हवं याची यादी जमवतोय. 1979 आणि 1993 च्या दोन्ही 'फॅडोगा स्टान' अल्बमांतलं काय पुन्हा ऐकायला आवडेल, तेही कळवा. माझी पहिली मागणी रुक्ष आहे: प्रत्येक ट्रॅकपुढे व्हिसलची पट्टी छापावी. साथीला अ‍ॅलेक फिन यांच्यासारखं बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) असेल तर दुधात साखर.

आता अडचण. ट्रॅक ए-फ्लॅटमध्ये असेल तर बहुधा ई-फ्लॅट व्हिसलवर जी ची बोटं (डी व्हिसलवर जी पट्टीत वाजवताना असतात तशी) असतात, एवढं जमतं. व्हिसलचं नाव म्हणजे तिचा सर्वांत खालचा स्वर. घोळ होतो एफ मध्ये. ती एफ व्हिसल की सी व्हिसलवर जी ची बोटं? धून एफ च्या खाली उतरली तर सी व्हिसल. न उतरल्यास लांब एफ स्वर ऐकायचा. एफ व्हिसलवर तो सहाही भोकं बंद करून निघतो; तेव्हा खाली टॅप (उघड्या भोकावर बोटाचा झटका) मारायला भोकच उरत नाही, म्हणून तिथे नुसत्या कट्सचा (बंद भोकावरचं बोट क्षणभर उचलणं) क्रॅन हा अलंकार येतो. कट आणि मग टॅप असा पूर्ण रोल हा अलंकार ऐकू आला, तर ती सी व्हिसल.

पण वेग निम्म्याखाली नेला की कट आणि टॅप एकमेकांत विरघळतात. 60 ते 70 टक्क्यांवर ठेवलं तर कानाला पकडता येत नाहीत. अशा वेळी कोणतं सॉफ्टवेअर, कोणती सेटिंग? आणि स्लो एअरमध्ये (संथ, तालमुक्त धून), जिथे रोलच नाही, तिथे कशावरून ठरवता?