अनुभव धागा: डिझेलच्या बसमधून विजेच्या बसमध्ये

१५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत डिझेलची शेवटची डबल डेकर धावली. ४१५ नंबर, अंधेरी पूर्वेची. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित डबल डेकर रस्त्यावर आली होती. पुण्यात ई-बस २०१९ पासूनच आहेत. बातम्यांत फक्त किती गाड्या आल्या ते छापून येतं. पण बसमध्ये बसणाऱ्याला, ती चालवणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला काय फरक पडला? तुमचा अनुभव लिहा. शहर सांगायचं नसेल तर सांगू नका.

वरचा मजला
लहानपणी वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली की झाडांच्या फांद्या काचेवर सपकन आपटायच्या. नव्या गाडीत खिडकी उघडत नाही, तो वारा गेला. पण जिने दोन आणि दारंही दोन, त्यामुळे चढणारे-उतरणारे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आईला आता वर नेता येतं, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

स्टिअरिंग
मी चालक आहे. उमेदीची सगळी वर्षं डिझेल गाडीवर गेली. इंजिन शेजारीच, मे महिन्यात डाव्या पायाला नुसती धग लागायची. गर्दीच्या रस्त्यावर सतत क्लच दाबून गुडघा कामातून गेला. ड्युटी संपवून जेवायला बसलो तरी कानात घरघर चालूच.

विजेच्या गाडीला क्लचही नाही आणि गिअरही नाही. पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि त्यातून तयार होणारी वीज बॅटरीत परत जाते. याची सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला माझ्या गाडीत उभे प्रवासी पुढे झुकायचे, आता पाय हळू उचलतो. पिकअप जबरदस्त आहे, म्हणून थांब्यावरून निघताना आरशात दोनदा बघतो, कोणी अजून दांडा धरत असेल तर.

काळजी वाटते ती आवाजाची. हळू चालणारी गाडी मागे आली तरी सायकलवाल्याला, म्हाताऱ्या माणसाला पत्ता लागत नाही. नव्या मुलांना गाडी हातात देण्याआधी हे नीट शिकवायला हवं.

आजोबांची मुंबई
बिनधुराची गाडी मुंबईला नवी नाही. विजेची ट्राम १९०७ ला सुरू झाली, ती ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. शिवाय १९६२ पासून १९७१ पर्यंत ट्रॉलीबस होत्या, वरच्या तारांतून वीज घेणाऱ्या. आजोबा सांगायचे, टपावरचा वीज घेणारा दांडा तारेवरून निसटला की गाडी जागीच ठप्प व्हायची आणि तो पुन्हा तारेवर बसवावा लागायचा. आता बॅटरी आली, तारेची कटकट गेली. मधली इतकी वर्षं आपण धूर गिळत राहिलो याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाना
डेपोत मेकॅनिक आहे, शहर सांगत नाही. जुन्या गाड्यांना सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. मग बंद पडून उभ्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) काढून चालत्या गाडीला, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तिसरीला. अशी गाडी सकाळी बाहेर पडते आणि दुपारी टोइंग करून परत येते. प्रवासी कंडक्टरवर चिडतात, त्या बिचाऱ्याचा काय दोष?

ई-बस आमच्या हातात येत नाहीत. गाड्या भाडेकराराने, देखभाल कंत्राटदाराची. जास्त दाबाच्या विजेचं काम आहे, प्रशिक्षणाशिवाय हात लावूही नये, हे मान्य. पण ते प्रशिक्षण आम्हालाही द्या. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी माणसं ही, बॅटरीचं कामही शिकतील.

टेम्सकाठ
लंडनमध्ये २०२१ ला ७ नंबरच्या मार्गावर हायड्रोजनच्या डबल डेकर आल्या. हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार होते, मागून फक्त पाण्याची वाफ. टाकी काही मिनिटांत भरते. खर्च मात्र बॅटरीच्या गाडीपेक्षा बराच.

रात्रपाळी
मी नर्स आहे. दुपारची पाळी रात्री उशिरा सुटते, तोवर शेवटची बस गेलेली असते. नव्या गाड्या आल्या तेव्हा वाटलं, आता रात्रीच्या फेऱ्या वाढतील. चौकशी केली तर उत्तर आलं की रात्री गाड्या चार्जिंगला लावतात. रिक्षावाला म्हणेल तो भाव द्यावा लागतो, आणि एकटीने जाताना जीव मुठीत असतो. वर लिहिणारे चालकदादा, थोड्या गाड्या दुपारी चार्ज करून रात्री सोडता येत नाहीत का?

स्टिअरिंग
येतात, ताई. दुपारी गर्दी ओसरली की आमच्याकडेही गाड्या चार्जिंगला लावतात. अडतं ते चार्जरपाशी: गाड्या जास्त, चार्जर कमी, मग रांग. तुमच्या रुग्णालयातल्या सगळ्यांनी सह्या करून अर्ज द्या, आणि त्यात रात्रीच्या फेरीबरोबर डेपोत चार्जर वाढवण्याचीही मागणी लिहा. पाळी सुटण्याची नेमकी वेळ आणि त्या वेळी किती जणांना बस लागते तेही लिहा. वेळापत्रक ठरवणाऱ्यांना तो आकडा लागतो.