आधी घाट, मग लोकल

कसाऱ्याची लोकल नाशिकरोडपर्यंत आणा, ही मागणी समजते; पण सगळं अडतं ते थळ घाटात. कसारा-इगतपुरीचा चढ ३७ फुटांना १ फूट, इतका खडा, की लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांनाही मागून ढकलायला जादा (बँकर) इंजिनं लावावी लागतात. शिवाय सीएसएमटीहून कसाऱ्यालाच लोकल जवळपास अडीच तास घेते आणि डब्यात शौचालय नाही. म्हाताऱ्या माणसांनी पुढे नाशिकपर्यंत बसायचं कसं?

माझ्या मते घाटात कमी चढाची नवी मार्गिका आधी हवी. तोवर इगतपुरी-मनमाड पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ मेमूच्या, म्हणजे कमी अंतराच्या विजेवरच्या गाड्यांच्या, फेऱ्या वाढवा. घोटी, देवळाली, निफाड, लासलगावहून नाशिकला कामाला, कॉलेजला येणाऱ्यांचं नाव या चर्चेत कुणी काढत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. रूळ तर तिथे आहेतच.