अनुभव धागा: कारखान्यातली दुर्घटना तुमच्या घरापर्यंत कशी पोचली?

भोपाळ वायुकांडाला 2024 मध्ये 40 वर्षं झाली. अशा दुर्घटनेनंतर देशात कायदे होतात, खटले चालतात, भाषणं होतात. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या मंडळींनी सांगावं, आपल्या घरात, कामावर, शेतात नेमकं काय बदललं? कारखान्यांची आणि माणसांची नावं नकोत. सुरुवात मीच करते.

शहापूर, बेळगाव (धागाकर्ती)

माझं माहेर भोपाळचं. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री बाबा खोकतच उठले. शेजारी कुणी मिरच्या जाळल्यात की काय, असं त्यांना वाटलं. आईने ओढण्या माठात बुचकळून आमच्या नाकातोंडावर बांधल्या आणि आम्ही वाट फुटेल तिकडे निघालो. रस्त्यात माणसं खाली बसत होती आणि उठत नव्हती.

कीटकनाशकाच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं होतं. सुमारे 40 टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोराही नादुरुस्त होता. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं.

दोन आठवड्यांनी उरलेला वायू संपवण्यासाठी सरकारने 'ऑपरेशन फेथ' जाहीर केलं. धोका नाही, असं पुन्हापुन्हा सांगत होते, तरी शहर रिकामं झालं. आम्हीही नागपूरला मावशीकडे गेलो. सरकारी शब्दावरचा विश्वास उडाला तो तेव्हा, आणि आमच्या घरात तो परत आलाच नाही.

दुर्घटना झाली की सरकार कोसळतं, असं काही जण म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. कंपनीच्या अमेरिकन अध्यक्षांना, अँडरसन यांना, 7 डिसेंबरला अटक झाली आणि त्याच दिवशी जामिनावर सोडून दिल्लीला पाठवलं. त्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येची सहानुभूती एवढी होती की काँग्रेसला 400 वर जागा मिळाल्या. राजकारणावरचा परिणाम सावकाश येतो, कायद्यांच्या वाटेने येतो. 1985 च्या कायद्याने आमच्या वतीने भांडायचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती आम्हाला न विचारता. बाबांच्या वाट्याला 25,000 रुपये आले, पुढे बऱ्याच वर्षांनी तेवढेच आणखी. त्यांच्या छातीच्या औषधांना ते किती दिवस पुरणार?

उद्यमबाग, निवृत्त फाउंड्री कामगार

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

आमच्याकडे भोपाळ आलं ते कागदावर. 1987 मध्ये फॅक्टरी कायदा बदलला, धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्रीसुद्धा आली. कामगारांनाही घेऊन सुरक्षा समिती करायची, धोका दिसला तर कामगाराने थेट सांगायचं, असं सगळं आलं. आमच्या शेडमध्ये समितीचं रजिस्टर होतं आणि सह्या महिनाअखेरीला एकदम व्हायच्या.

खरी सुरक्षा एका जुन्या मोल्डरच्या नजरेत होती. एकदा नवा पोरगा लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड घ्यायचं भांडं, भट्टीखाली लावत होता. म्हातारा लांबूनच ओरडला, "काय करुलास रे? लॅडल ओलं हाय!" ओल्या लॅडलमध्ये वितळलेलं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. तो पोरगा आज नातवंडं खेळवतोय. असा माणूस निवृत्त झाला की त्याचं ज्ञान कुठल्या रजिस्टरात राहतं, मला सांगा.

हुक्केरी तालुका, ऊस उत्पादक

आमच्या भागातल्या एका कारखान्यात ऐन हंगामात बॉयलरचा अपघात झाला. माणसं भाजली, ते दुःख सगळ्यात मोठं. पण गाळप थांबल्यावर काय होतं, हे बाहेर कुणी लिहीत नाही. ऊसतोड टोळी फडात बसून, त्यांची उचल फिटेना. उसाला तुरा आलेला, वजन रोज घटतंय. शेवटी ऊस सीमेपलीकडे कोल्हापूरकडच्या कारखान्याला घातला, वाहतूक पदरची. किराणा दुकानदाराने गावभरची उधारी पाडव्यापर्यंत ओढली.

खानापूर, शिक्षक

आमच्या जंगलांपलीकडे कारवारकडे कैगा अणुवीज केंद्र आहे, म्हणून आमच्या घरी चेर्नोबिलची चर्चा फार. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मॉस्कोने 28 तारखेला कबूल केलं, तेही स्वीडनमध्ये किरणोत्सर्ग मोजला गेल्यावर. सोव्हिएत संघ कोसळण्याचं खरं कारण कदाचित चेर्नोबिलच असेल, असं खुद्द गोर्बाचेव्ह यांनी 2006 मध्ये लिहिलं. कैग्याचा घुमट मे 1994 मध्ये बांधकाम चालू असताना आतून ढासळला. तेव्हा अणुभट्टीत इंधन नव्हतं, पण आमच्या आईने कित्येक दिवस तोच विषय धरला होता.

ताईंच्या मुद्द्याला जोड देतो. जून 2010 मध्ये भोपाळ खटल्यात दोन वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि देशभर संताप उसळला. त्याच ऑगस्टमध्ये संसदेत अणुदायित्वाचा, म्हणजे अणुअपघाताच्या भरपाईचा, कायदा मंजूर झाला, त्यात अणुकेंद्र चालवणाऱ्याला यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीकडूनही भरपाई मागायची सोय आली. परदेशी कंपन्या त्यावरच अडून बसल्या. भोपाळची जखम 26 वर्षांनी देशाच्या वीज धोरणात उतरली, ती अशी.

होनगा, कंत्राटी कामगार

आमच्या शेडमध्ये आगीच्या आणि वायुगळतीच्या सूचना इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहेत. माझ्या पाळीत मराठी पोरं आणि बिहारची पोरं जास्त. कन्नड पाटी काढा, असं कुणी म्हणत नाही, ती हवीच. पण 1948 च्या फॅक्टरी कायद्यातच कलम 108 होतं, की सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही हव्यात. सुपरवायझर भला माणूस, त्याने वहीच्या कागदावर मराठी-हिंदीत लिहून चिकटवलं.

त्याहून मोठी गोष्ट हजेरीची. ऑगस्ट 2024 मध्ये नावग्याच्या कारखान्याला आग लागली आणि एका कामगाराचा आत अडकून जीव गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. आमची हजेरी कंत्राटदाराकडे असते. उद्या आमच्याकडे काही झालं, तर आत किती माणसं आहेत हे गेटवर कुणाला सांगता येणार नाही. जो हजेरीत नाही, त्याच्या घरच्यांनी भरपाई कशाच्या जोरावर मागायची? आता पाळी सुरू होताना आम्हीच नावं लिहून गेटवर देतो. ही यादी कंपनीने ठेवावी, अशी लेखी मागणी केली आहे. उत्तर आलं की इथे लिहीन. इतर औद्योगिक वसाहतींत काय पद्धत आहे, तेही कुणीतरी सांगा.