मेम्ब्रेनला मराठीत काय म्हणावं? आणि 'रिजेक्ट'ला?

प्रश्न: नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यासाठी आरओ आणि अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (आरओहून मोठ्या छिद्रांची मेम्ब्रेन असलेल्या) यंत्रांचं मराठी सूचनापत्रक लिहितेय. मेम्ब्रेनला, म्हणजे ठरावीक तेवढंच पार जाऊ देणाऱ्या पातळ थराला, पडदा, पटल की झिल्ली? 'रिजेक्ट'ला, म्हणजे मेम्ब्रेन पार न केलेल्या पाण्याला, 'टाकाऊ पाणी' चालेल का?

उत्तर: ताई, 'झिल्ली' हिंदी वळणाचा वाटतो. 'पडदा' म्हटलं की नुसतं अडवणं डोळ्यांपुढे येतं. 'पटल' चांगला. शाळेत पेशी शिकताना 'निवडक्षम पारपटल' आपण सगळ्यांनीच पाठ केलंय, आणि निवड करणं हेच तर मेम्ब्रेनचं काम. तरी यंत्रापाशी 'मेम्ब्रेन'च लिहा. 'मेम्ब्रेन चोक झाली' हे तिथं रोजचं मराठी आहे. आरओसाठी (रिव्हर्स ऑस्मोसिस) 'व्यस्त परासरण' मात्र टाळा. 'व्यस्त प्रमाण' आठवणाऱ्याला ते कळेल, बाकीच्यांना व्यस्त म्हणजे कामात गढलेला. आरओ पुरे.

खरी अडचण 'गाळणे' या शब्दाची आहे. मी दिंडोरीकडे वाइनच्या कामात आहे. बाटलीत भरण्याआधी वाइन ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून जाते, म्हणजे छिद्रं केसाच्या जाडीपेक्षा शंभराहून अधिक पट बारीक. यीस्ट आणि जिवाणू तिथं अडतात. हे आपलं नेहमीचं गाळणंच: सगळा द्रव पार जातो, गाळ वर राहतो. आरओत तसं नाही. पाणी मेम्ब्रेनच्या अंगावरून वाहत राहतं, काही पार होतं, उरलेलं क्षार घेऊन पुढे निघून जातं. गाळ साचणं तिथं अपेक्षित नसतं, साचला तर मेम्ब्रेन साफ करावी लागते.

'रिजेक्ट'ला 'टाकाऊ'ही नको. आरओत ते पाणी टाकाऊ असेल, पण पनीर-चीज करताना निघणारी निवळी अल्ट्राफिल्ट्रेशनला लावतात तेव्हा मेम्ब्रेनमागे अडलेलं प्रथिन हाच विकायचा माल! मेम्ब्रेन पार झालेल्याला मी 'पलीकडचं' आणि अडलेल्याला 'अलीकडचं' म्हणतो. कोणतं कामाचं, ते धंद्यावर ठरतं. दूध, औषधं, प्लेटिंगचं (धातूवर मुलामा देण्याचं) सांडपाणी, सगळीकडे मेम्ब्रेनची मागणी वाढतेय. सांडपाण्याचा थेंब बाहेर सोडायचा नाही अशी अट आली की बहुधा आरओ बसवावा लागतो. एका ठिकाणचा माणूस दुसरीकडे कामाला गेला तरी शब्द तेच राहायला हवेत.

आणखी एक मत: दादा, पॅनेलवर 'रिजेक्ट' छापलेलं असतं. रात्रपाळीचा माणूस तोच शब्द शोधणार. 'अलीकडचं' वाचून तो कुठला व्हॉल्व्ह फिरवेल?

उत्तर: बरोबर आहे. मग पॅनेलचा शब्द आधी आणि मराठी त्याला जोडून: 'रिजेक्ट, म्हणजे मेम्ब्रेनच्या अलीकडे राहिलेलं पाणी'. ताई, एकदा लिहून थांबू नका. जिथं व्हॉल्व्ह येतो तिथं दर वेळी पूर्ण लिहा. आरओचा रिजेक्ट व्हॉल्व्ह चुकून पूर्ण बंद झाला, तर क्षार मेम्ब्रेनवरच बसतात आणि नवी मेम्ब्रेन वाया जाते.