सस्पेन्शन लिफ्ट : २ इंच घ्यावी की ३? मदत हवी आहे

मंडळी, लिफ्ट किटवरून (गाडी उंच करायचा सेट) डोकं पार भंजाळलंय. गाडी पुढून-मागून सॉलिड ॲक्सलची (डावं-उजवं चाक एकाच आडव्या दांड्यावर), चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. रोज चालवतो, सुट्टीत दगडधोंड्यांत. चढणीच्या माथ्यावर पोट घासतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

नुसते स्पेसर (स्प्रिंगला लावायचे ठोकळे) नकोत. उंची मिळते, पण चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे वर-खाली हलायची मुभा, वाढत नाही. लांब स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक घ्यायचे ठरलंय. डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा गोळा) काही लिफ्टने वर जात नाही, त्याला मोठे टायरच लागतात आणि तेही व्यास २ इंच वाढवला तर इंचभरच. त्यामुळे ३ इंचांचा हट्ट मला तरी थोडा दिखाऊ वाटतो.

खरी भीती स्टिअरिंगची. उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, वेगात गाडी भरकटते. २ इंचांना कॅस्टर करेक्शन बुश पुरतात का, की कंट्रोल आर्मच (ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे) बदलावे? पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) ॲडजस्टेबल घ्यावा का? ब्रेक होज कोणाला लांब करावे लागले?

स्प्रिंगचा रेटही (कडकपणा) सुचवा. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) नाही, मागे सामान कधीतरीच. हेवी ड्यूटी घेतल्या तर रिकामी गाडी आपटेल ना?