मानमंदिरची बदकं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गायब!

लष्करवाला:
रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेलो होतो, मानमंदिर महालाच्या बाहेरच्या भिंतीवरची ती निळ्यावरची पिवळी बदकं आहेत ना त्यांचे फोटो काढले. कलरमध्ये मस्त आलेत पण बाबांना हॉलमध्ये लावायला ब्लॅक अँड व्हाइटच हवाय, म्हणून फोटोशॉपात डीसॅच्युरेट मारलं तर दगड, टाइल्स, बदकं सगळं एकच राखाडी. कॉन्ट्रास्ट वाढवला की झरोके काळेठिक्कर. काय चुकतंय?

पोहेजिलेबी:
मोबाइलवर फिल्टर मार, संपला विषय 😄

गोरखीचे_काका:
अरे बाबा, डीसॅच्युरेट विसर. ते पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घेतं आणि त्या दोघांची सरासरी काढतं, म्हणून भडक लाल काय, भडक हिरवा काय नि भडक निळा काय, तिघंही एकाच राखाडीत. डोळ्याला तसं दिसत नाही, निळा गडदच वाटतो. जुन्या टीव्हीच्या हिशोबात राखाडी ठरवताना हिरव्याला 59 टक्के वजन, लालला 30 आणि निळ्याला जेमतेम 11. तू ब्लॅक अँड व्हाइटची ॲडजस्टमेंट लेयर (फोटोवरचा वेगळा थर) घे, ब्लू आणि सायन (हिरवट निळा) खाली ओढ, यलो थोडा वर. रोलच्या जमान्यात आम्ही लेन्सवर पिवळा फिल्टर लावून हेच करायचो, फक्त घरी येऊन मत बदलायची सोय नव्हती.

लष्करवाला:
काका, बदकं आली परत! चोची पण दिसतायत. पण आकाशात दाणे आणि पट्टे आलेत, आणि बुरुजाच्या कडेला पांढरी रेघ.

गोरखीचे_काका:
आकाशही निळंच ना, तेही सोबत खाली गेलं. जेपीईजी असणार, 8 बिटात छटा मोजक्याच, इतकी ओढाताण झेपत नाही. लेयरच्या मास्कवर आकाशाच्या जागी काळा ब्रश फिरव, म्हणजे तिथे ही लेयर लागणार नाही, मग आकाशासाठी वेगळी लेयर टाक, त्यात ब्लूला फार हात लावू नकोस. रॉ फाइल (कॅमेऱ्यातला प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) असेल तर त्यावरच कर.

सराफा_गल्ली:
प्रिंटचंही बघ हां. मी एका लॅबमधून आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून आणला तर आजोबा जांभळट, कारण तो कलर पेपरवरच काढला होता. आई अजून हसते. आधी 4 बाय 6 ची एक काढ नि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उजेडात येऊन बघ.

लष्करवाला:
रॉ नाहीये, कार्डात जागा नाही म्हणून बंद ठेवलं होतं 🤦 येत्या रविवारी परत चढतो, बाबाही येतो म्हणतायत.